प्रोस्टेट कॅन्सर, रेडिएशनचा थकवा आणि जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी बाहेरून रेडिएशन घेणारे पुरुष आणि त्यांच्या घरची माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. या थकव्याचा माग रक्तातल्या जनुकांच्या हालचालींवरून काढण्याचा प्रयत्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत बराच झाला आहे. त्यातून काय हाती लागलं आणि त्यावर कितपत भिस्त ठेवावी, याला खाली जास्त जागा दिली आहे. तुमच्या औषधोपचाराचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

मशीनखाली काहीच दुखत नाही. मग इतका थकवा येतो कुठून?

रोजचा प्रकार तसा साधा असतो. मूत्राशय भरलेलं आणि आतडं रिकामं ठेवून यायचं, टेबलावर उताणं झोपायचं. तंत्रज्ञ तुमच्या अंगावरच्या बारीक खुणा लेसरच्या रेषांशी जुळवतात, खोलीबाहेर जातात, मशीन काही मिनिटं भोवती फिरतं आणि तुम्ही उठून घरी जाता. ना चटका, ना कळ. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी डोळे मिटायला लागले, की बरेच जण स्वतःलाच दोष देतात.

किरण प्रोस्टेटवर रोखलेले असले तरी शरीराचा प्रतिसाद तेवढ्या भागापुरता राहत नाही. मेलेल्या आणि जखमी पेशी दाहाचे संदेश सोडतात, ते रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात. ताप आल्यावर अंग टाकून पडावंसं वाटतं, त्यामागेही याच जातीचे संदेश असतात. शिवाय कंबरेच्या हाडांत रक्त तयार करणारी अस्थिमज्जा भरपूर असते. तिच्यावर आणि तिथून वाहणाऱ्या रक्तावर रोज थोडाथोडा मारा होतो. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट किरणांना फार लवकर बळी पडतात, त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्यांचा आकडा उतरलेला दिसतो.

हे झालं जैविक. त्याच्या जोडीला रोजची ये-जा, रात्री लघवीसाठी चार-चार वेळा उठणं, पातळ शौच, आजाराची धास्ती आणि असेल तर हार्मोनचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली आणणारं इंजेक्शन. थकव्याला एकच कारण शोधू गेलात तर हाती काही लागणार नाही.

तो कधी सुरू होतो आणि कधी जातो?

बहुतेकांना पहिले दोन आठवडे विशेष काही जाणवत नाही. मग तो हळूहळू चढतो, उपचाराच्या मध्यापासून शेवटापर्यंत सर्वांत जास्त असतो आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत ओसरतो. शेवटच्या दिवशी उपचार संपल्याची घंटा वाजवली आणि दुसऱ्या दिवशी ताजेतवाने, असं होत नाही. काही जणांचा थकवा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. संशोधकांना सर्वांत जास्त कोडं पडलं आहे ते याच गटाचं. किरण तेच, डोस तोच, वयही जवळपास तेच, तरी एक जण महिन्याभरात मार्गी लागतो आणि दुसरा वर्षभर कण्हत राहतो, असं का?

रोजच्या दमण्यात आणि या थकव्यात फरक काय?

दिवसभर राबलात, दमलात, रात्री झोपलात आणि सकाळी उतारा पडला, तर ते साधं दमणं. कॅन्सरचा थकवा केलेल्या कामाच्या हिशेबात बसत नाही. नुसती आंघोळ करून खुर्चीत टेकावं लागतं आणि आठ तास झोपूनही अंग जडच राहतं.

तो मोजतातही. सगळ्यांत सोपी पद्धत म्हणजे 0 ते 10 मधला आकडा सांगणं: 4 पासून पुढे मध्यम, 7 पासून पुढे तीव्र. संशोधनात ‘फॅसिट-फटीग’ नावाची 13 प्रश्नांची प्रश्नावली फार वापरतात. गेल्या सात दिवसांत किती गळून गेल्यासारखं वाटलं, हाती घेतलेलं काम पुरं करता आलं का, दिवसा झोपावं लागलं का, असं त्यात विचारतात. गुण 0 ते 52, आणि गुण जितके कमी तितका थकवा जास्त. तीन-चार गुणांचा फरक पडला तर तो माणसाला रोजच्या जगण्यात जाणवतो, असं मानतात.

हे सगळं माणसाच्या सांगण्यावर अवलंबून आहे. यात कमीपणा काही नाही, वेदनाही अशीच मोजतात. पण ‘हे सगळं मनाचं आहे’ असं म्हणायला लोकांना याच जागेवरून फावतं. जनुकांचा अभ्यास कामी आला तो इथे.

जनुक अभिव्यक्ती म्हणजे नेमकं काय?

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो आणि त्यात प्रथिनं बनवण्याच्या सुमारे 20,000 जनुकांची माहिती असते. पण सगळी जनुकं सगळीकडे सदासर्वकाळ चालू नसतात. घराची वायरिंग तीच राहते, पण कोणत्या खोलीत कोणता दिवा लागलाय हे तासातासाला बदलतं, तसंच हे. एखादं जनुक कामाला लागलं की त्याची आरएनए प्रत निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होतं. प्रती जास्त निघाल्या तर अभिव्यक्ती वाढली, कमी निघाल्या तर घटली.

रक्तातल्या या प्रती मोजता येतात. आरएनए फार नाजूक, शिरेतून बाहेर पडल्याबरोबर तुटायला आणि बदलायला लागतो. म्हणून रक्त थेट अशा नळीत घेतात जिच्यातलं रसायन पेशी फोडून आरएनए आहे त्या स्थितीत टिकवून धरतं. मग मायक्रोअ‍ॅरे किंवा आरएनए सिक्वेन्सिंगने हजारो जनुकं एकाच फटक्यात वाचली जातात.

रेडिएशनच्या थकव्यासाठी प्रोस्टेटचेच रुग्ण का निवडले?

कारण इथे गुंतागुंत तुलनेने कमी आहे. कॅन्सर पसरलेला नसेल तर बहुतेकांना केमो नसते आणि बरेच जण उपचारापूर्वी धडधाकट असतात. किरणांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, त्यामुळे सुरू होण्याआधी, मध्यावर आणि शेवटी असं तीनदा रक्त घेऊन त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना करता येते. यातलं बरंचसं काम अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओरे सलिगन यांच्या गटाने केलं आहे. ते परिचर्या, म्हणजे नर्सिंगच्या क्षेत्रातले संशोधक. रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ असणाऱ्यांनी हा प्रश्न उचलला, यात मला काही नवल वाटत नाही.

त्यांना काय सापडलं?

मुख्यतः दोन वाटा.

पहिली तंतुकणिकांची. पेशीला लागणारी ऊर्जा त्या तयार करतात. रेडिएशन चालू असताना रक्तातल्या तंतुकणिकांशी संबंधित काही जनुकांची अभिव्यक्ती बदलली आणि हे बदल थकव्याच्या गुणांबरोबर हलताना दिसले. ‘बीसीएस1एल’ हे त्यातलं एक. त्याचं प्रथिन ऊर्जानिर्मितीच्या साखळीतला तिसरा संच जुळवायला मदत करतं. दुसरं ‘एसएलसी25ए37’, तंतुकणिकेत लोह आत नेणाऱ्या वाहकाचं जनुक. 2013 आणि 2014 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दुसरी वाट दाह आणि मज्जासंस्थेची. 2013 मध्येच याच गटाने दाखवलं की रेडिएशनदरम्यान ‘अल्फा-सायन्युक्लिन’ या प्रथिनाच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढते आणि तिचा थकव्याशी संबंध दिसतो. हे नाव पार्किन्सन्सच्या संदर्भात ऐकलेलं असेल तर घाबरू नका. रक्तात या जनुकाच्या प्रती वाढल्या म्हणजे पार्किन्सन्स होणार, असा अर्थ मुळीच नाही.

उंदरांवरही काम झालं आहे. फक्त कंबरेच्या भागावर किरण दिलेले उंदीर नंतर चाकावर आपणहून कमी धावतात. उंदराला ना कॅन्सरची धास्ती, ना हॉस्पिटलच्या फेऱ्या. तरी तो मंदावतो.

म्हणजे थकव्याची जनुकं सापडली?

नाही. इथे जरा खोलात जायला हवं, कारण बातम्यांचे मथळे नेमके इथेच घसरतात.

एक तर आकड्यांची बाजू. 20,000 जनुकं एकदम तपासली आणि ‘योगायोगाची शक्यता 5 टक्क्यांहून कमी’ एवढीच कसोटी लावली, तर काहीही संबंध नसताना निव्वळ योगायोगाने सुमारे 1,000 जनुकं ‘पास’ होतील. म्हणून कसोटी कडक करावी लागते आणि ती कडक केली की छोट्या अभ्यासात फारसं काही उरत नाही. हे अभ्यास छोटेच होते. एका गटात दिसलेली यादी वेगळ्या शहरातल्या, वेगळ्या पुरुषांच्या रक्तातही तशीच निघाली, तरच तिला वजन येतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा कमी होते. रक्त म्हणजे वेगवेगळ्या पेशींचं मिश्रण. किरणांनी लिम्फोसाइट घटले की त्यांच्यात चालू असणाऱ्या जनुकांच्या प्रतीही नमुन्यात घटतात. एकाही पेशीने आपलं वागणं बदललेलं नसतं, पेशींची संख्याच बदललेली असते. लाल पेशींच्या बाबतीत हे आणखी गमतीचं. अल्फा-सायन्युक्लिन आपण मेंदूचं म्हणून ओळखतो, पण रक्तातलं जवळजवळ सगळं अल्फा-सायन्युक्लिन असतं लाल पेशींत. नव्याने तयार होणाऱ्या लाल पेशींत ते जनुक जोरात चालू असतं. लोहवाहक एसएलसी25ए37 सुद्धा तिथलंच, कारण हिमोग्लोबिन बनवायला तंतुकणिकेत लोह न्यावं लागतं. तेव्हा ही दोन जनुकं हलताना दिसली, तर तो मेंदूचा निरोप आहे, स्नायूंच्या ऊर्जेचा आहे, की अस्थिमज्जा लाल पेशी कशा बनवते आहे त्याचा? माझा कल तिसऱ्या शक्यतेकडे आहे. थकव्याशी तिचाही संबंध असूच शकतो, पण मग गोष्ट वेगळी होते आणि उपायही वेगळा शोधावा लागतो.

तिसरं म्हणजे आधी काय आणि नंतर काय. अपुरी झोप, दिवसाची वेळ, हालचाल, औषधं, या सगळ्यांनी रक्तातली जनुकं हलतात. माणूस थकला म्हणून दिवसभर बसून राहिला आणि बसून राहिल्यामुळे जनुकं बदलली, असंही होऊ शकतं.

एवढं असूनही एक गोष्ट पक्की राहते: रेडिएशनच्या काळात शरीरभर मोजता येण्याजोगे बदल होतात. ‘काही नाही हो, मनाने घेतलंय’ हे उत्तर आता चालण्यासारखं नाही.

रक्त तपासून मला किती थकवा येईल हे आधी सांगता येईल का?

आज अशी कोणतीही मान्य तपासणी नाही. कुणी पैसे घेऊन ‘फटीग जीन पॅनल’ करून देतो म्हणाला, तर नको म्हणा.

थोडाफार अंदाज साध्या गोष्टींवरून बांधता येतो. सुरुवातीलाच थकवा असणं, झोप बिघडलेली असणं, मन खिन्न असणं आणि हार्मोनचे उपचार चालू असणं, या सगळ्यांनी पुढचा थकवा वाढण्याची शक्यता असते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, कुणीतरी नीट विचारावं लागतं.

पण माझी जीन टेस्ट तर झाली आहे!

ती वेगळी. प्रोस्टेटच्या रुग्णांत दोन प्रकारच्या तपासण्या होतात. एक, जन्मतः मिळालेल्या जनुकांची, उदाहरणार्थ बीआरसीए2. त्यावरून घराण्यातला धोका आणि काही औषधांची निवड ठरते. दुसरी, गाठीच्या तुकड्यातल्या जनुक अभिव्यक्तीची. 22 जनुकं बघणारी ‘डिसायफर’ ही त्यातली एक. गाठ किती आक्रमक आहे याचा अंदाज तिच्यातून घेतात. थकव्याबद्दल यांपैकी कुठलीच तपासणी काही सांगत नाही.

जनुकं बदलली म्हणजे मुला-नातवंडांत ते उतरेल का?

नाही. अभिव्यक्तीतला बदल म्हणजे जनुकाच्या वापरात झालेला चढउतार. मजकूर तोच राहतो. मूल होऊ द्यायचं मनात असेल तर प्रश्न निराळा, कारण विखुरलेल्या किरणांचा थोडा डोस अंडकोशांना मिळतो. उपचारांच्या काळात आणि नंतर काही काळ गर्भधारणा टाळायला सांगतात. वीर्य आधीच साठवून ठेवायचं असेल तर पहिल्या सेशनच्या आधी विचारा. आणि बाहेरून किरण घेऊन आलेला माणूस किरणोत्सर्गी होत नाही. नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या.

हार्मोनचं इंजेक्शनही चालू आहे. थकवा कशाचा, हे कसं ओळखायचं?

पूर्णपणे ओळखता येत नाही, पण ठेवण वेगळी असते. गोसेरेलिन, ल्युप्रोलाइड, डेगारेलिक्स यांसारखी औषधं टेस्टोस्टेरॉन अगदी खाली आणतात. लाल पेशी बनवण्याला टेस्टोस्टेरॉनचं पाठबळ असतं, त्यामुळे काही महिन्यांत हिमोग्लोबिन उतरतं. स्नायू घटतात, चरबी वाढते, रात्री अंगातून वाफा आल्यासारखं होऊन झोपमोड होते. हा थकवा रेडिएशन संपलं म्हणून संपत नाही, इंजेक्शनचा कोर्स चालू असेपर्यंत आणि पुढेही काही महिने राहू शकतो. रेडिएशन संपून तीन महिने झाले तरी अंगात त्राण नसेल, तर आधी इंजेक्शनची तारीख बघा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

कमी दिवसांच्या रेडिएशनने थकवा कमी होतो का?

पूर्वी साडेसात-आठ आठवडे रोजचा उपचार असायचा. ब्रिटनमधल्या ‘चिप’ चाचणीने 37 सेशनमधल्या 74 ग्रे (किरणांच्या डोसाचं एकक) ऐवजी 20 सेशनमध्ये 60 ग्रे दिले तरी कॅन्सरवर ताबा तितकाच राहतो, हे 2016 मध्ये दाखवलं. आता निवडक रुग्णांत पाच सेशनमध्येही उपचार उरकतो. फेऱ्या कमी होतात हा फायदा उघड आहे आणि थकलेल्या माणसाला तो छोटा नाही. पण सेशन कमी झाले तरी थकवा येतोच. तुम्हाला कोणती पद्धत लागू पडते, हे कॅन्सरचा टप्पा आणि लघवीचा त्रास बघून ठरतं.

आराम करू की व्यायाम?

उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात: हालचाल.

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रोस्टेटचं रेडिएशन घेणाऱ्या 66 पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून किमान तीनदा अर्धा तास जरा झपाझप चालायचं, दुसऱ्याला दमल्यास विश्रांती घ्यायला सांगितलं. विश्रांतीवाल्यांचा थकवा वाढला, चालणाऱ्यांचा म्हणण्यासारखा वाढला नाही. 2009 मध्ये कॅनडात 121 पुरुषांवर 24 आठवड्यांची चाचणी झाली. त्यात वजनं उचलण्याचा व्यायाम आणि दमसासाचा व्यायाम, दोन्हींनी थकवा आटोक्यात राहिला. वजनांचा फायदा जास्त टिकला. 2017 मध्ये 113 चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही कॅन्सरच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार औषधांपेक्षा सरस ठरले.

सुरुवात पहिल्या सेशनच्या आधीच केली तर सोपं जातं. दहा मिनिटांपासून वाढवत न्या. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हाही मांड्यांसाठी चांगला व्यायाम आहे. हाडांत कॅन्सर पसरलेला असेल, हृदयविकार असेल किंवा हिमोग्लोबिन फार उतरलं असेल, तर आधी विचारून घ्या.

आराम वर्ज्य नाही. दुपारी अर्धा तास डुलकी घ्या, पण तीनच्या आत. संध्याकाळी पाचला काढलेली झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते.

एखादी गोळी, टॉनिक, तंतुकणिकांसाठी सप्लिमेंट?

तंतुकणिकांची चर्चा वाचून लोक एल-कार्निटिन आणि को-एन्झाइम क्यू10 कडे वळतात. तर्क चांगला आहे, पण एल-कार्निटिनच्या मोठ्या चाचणीत कॅन्सरच्या थकव्यावर प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, जास्त गुण आला नाही. अँटिऑक्सिडंटचे मोठे डोस रेडिएशनच्या काळात टाळायला सांगतात, कारण किरण गाठीवर काम करतात ते बऱ्याच अंशी तिथे तयार होणाऱ्या मुक्त कणांमार्फतच. ते कण निष्प्रभ करणारी गोळी त्याच वेळी घ्यायची, हे विचित्रच. तरतरी आणणारी औषधंही सर्रास देत नाहीत.

उलट साध्या गोष्टी सुटून जातात: अ‍ॅनिमिया, थायरॉइड, ब जीवनसत्त्वं, साखर, आणि झोप आणणारी इतर औषधं. यातलं काही सापडलं तर त्यावर इलाज आहे.

रात्री चार वेळा उठावं लागतं. झोप होणार कशी?

हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुरुष सांगत नाहीत, ‘रेडिएशनमध्ये असं होतंच’ म्हणून गप्प बसतात. मूत्राशयाच्या जळजळीवर आणि लघवीच्या अडथळ्यावर औषधं आहेत. पाणी दिवसा भरपूर प्या आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत हात आखडता घ्या. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. लघवीचा इन्फेक्शनचा रिपोर्टही एकदा करून घ्यावा.

घरच्यांनी काय करावं?

‘उठा, जरा हिंडा-फिरा, आळस करू नका’ याऐवजी चप्पल घालून सोबत निघा. फरक पडतो. उपदेश करणारे घरात पुष्कळ असतात. माणूस कशातच रस घेत नाही, आवडत्या गोष्टीही सोडून देतो, सारखा ‘आता काय राहिलंय’ म्हणतो, असं दोन आठवडे चाललं तर ते नैराश्य असू शकतं. थकवा आणि नैराश्य एकमेकांत मिसळतात, पण उपचार वेगवेगळे आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी मदत घ्या.

कोणत्या लक्षणांसाठी थांबू नये?

छातीत दुखणं, थोड्या श्रमानेही धाप लागणं, भोवळ येऊन पडणं, ताप, लघवी अडणं, लघवीतून गुठळ्या जाणं, शौचातून भरपूर रक्त जाणं, पाय अचानक लुळे पडणं. ‘थकवाच असेल’ असं म्हणत यातलं काही अंगावर काढू नका.

संशोधनासाठी रक्त मागितलं तर द्यावं का?

द्यायला हरकत नाही, पण विचारून. बहुधा नेहमीच्या रक्त तपासणीच्या वेळीच एक-दोन नळ्या जास्त घेतात, जादा सुई टोचावी लागत नाही. नमुना किती वर्षं ठेवणार, नाव काढून ठेवणार का, दुसऱ्या संशोधकांना देणार का, आणि तुम्ही मध्येच नाही म्हणालात तर तो नष्ट करणार का, हे संमतीपत्रात लिहिलेलं असायला हवं. सही करण्याआधी ते घरी नेऊन वाचता येतं. नाही म्हटल्याने उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. आणखी एक विचारून ठेवा: यातलं माझं स्वतःचं काही मला कळवणार का? जनुक अभिव्यक्तीच्या अभ्यासात बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं, कारण एकट्या माणसाच्या आकड्यांवरून सांगण्यासारखं आज काही नाही. पण डीएनएही वाचणार असतील आणि त्यात बीआरसीए2 सारखं काही निघालं, तर ते तुम्हाला आणि तुमच्या मुलांना कळायला हवं की नको, हे आधीच ठरवून तसं लिहून द्या.